कुत्र्याशीं खेळण्याचा इतिहास

सायंकाळीं कचेरींतून परतलेल्या धन्यापुढें घरचें कुत्रें येऊन उभें राहतें. पुढचे पाय पसरून छाती जमिनीस टेकवितें, मागचा भाग उंच धरून शेपूट हालवितें आणि एकदां भुंकून दूर पळतें. या वागणुकीचा अर्थ घरांतल्या पांच वर्षांच्या मुलासही सांगावा लागत नाहीं. ‘चल, खेळूं या,’ एवढाच तो अर्थ. मग चेंडू फेंकला जातो. जुन्या धोतराचा पीळ दोन्ही टोकांकडून ओढला जातो. कोणी दाराआड लपतें आणि कुत्रें त्यास हुडकून काढतें. घटकाभर करमणूक होते व विषय तेथेंच संपतो. परंतु हे तीन खेळ कोठून आले आणि ते कोणीं कोणास शिकविले, याचा शोध घेऊं लागल्यास मनुष्यजातीच्या इतिहासांतील एका फार जुन्या प्रकरणापर्यंत जावें लागतें. त्या प्रकरणाची आठवण करून देणारें एक स्थळ महाराष्ट्राच्या अगदीं पूर्व टोकास, हेमलकशाच्या रानांत आहे.

हेमलकसा हें गांव भामरागड तालुक्यांत आहे. जवळच पामुलगौतमी, पर्लकोटा आणि इंद्रावती या नद्यांचा संगम होतो. बाबा आमटे यांनीं २३ डिसेंबर १९७३ रोजीं येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हां हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे. गडचिरोली हा निराळा जिल्हा १९८२ सालीं झाला. येथील माडिया गोंड लोकांस शिकार ही चैन नव्हती. तें पोट भरण्याचें साधन होतें. प्रकल्पाच्या आरंभींच्या काळांत डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांस रानांत शिकार करून परतणारे कांहीं लोक भेटले. त्यांच्या काठीला मारलेली माकडीण टांगलेली होती, आणि तिचें जिवंत पिलूं तिच्या छातीस बिलगून दूध पिऊं पाहत होतें. आमट्यांनीं धान्य देऊन तें पिलूं मागून घेतलें. पुढें असेंच ठरून गेलें कीं, शिकारींत पोरकें झालेलें पिलूं मारून न खातां प्रकल्पाकडे आणून द्यावें. अशा रीतीनें बिबट्या, अस्वल, तरस, कोल्हा अशा जनावरांचीं पिलें माणसांच्या मुलांबरोबर एकाच अंगणांत वाढूं लागलीं. विलास मनोहर यांच्या ‘नेगल’ या पुस्तकामुळें त्यांपैकीं कित्येक मराठी वाचकांच्या परिचयाचीं झालीं आहेत.

या हकीकतींत भूतदया तर आहेच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तींत आणखी एक गोष्ट दिसते. आई शिकारींत मेली, पिलूं माणसाच्या हातीं आलें, आणि जेथें शिकारीचा शेवट व्हावयाचा तेथें संगोपनास आरंभ झाला. कुत्र्याचा पूर्वज जो लांडगा, त्याच्या व माणसाच्या बाबतींत असेंच कांहीं घडलें असावें, असें कित्येक पंडितांचें मत आहे. दुसऱ्या कित्येकांच्या मतें माणसानें लांडग्याचीं पिलें आणलीं नाहींत. वस्तीबाहेरच्या उकिरड्यावरील हाडें चघळावयास जे कमी भित्रे लांडगे येत, तेच पिढ्यानुपिढ्या जवळ सरकत गेले. मार्ग कोणताही असो. निदान चौदा हजार वर्षांपूर्वीं कुत्रें माणसाच्या घरचें झालेलें होतें, याविषयीं आतां शंका उरलेली नाहीं.

याचा एक पुरावा मोठा हृद्य आहे. जर्मनींतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं दगड काढणाऱ्या कामगारांस एक पुरुष व एक स्त्री यांचें प्राचीन दफन सांपडलें. त्यांच्याबरोबर एका जनावराचींही हाडें होतीं. तीं कुत्र्याचीं आहेत हें पुष्कळ वर्षांनंतर ध्यानांत आलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत त्या कुत्र्याच्या दांतांवरील खुणा तपासण्यांत आल्या. तें जेमतेम सात महिन्यांचें पिलूं होतें, आणि मरण्यापूर्वीं त्यास बहुधा डिस्टेंपर हा जीवघेणा रोग जडून तें कित्येक आठवडे आजारी होतें. माणसांनीं त्याची शुश्रूषा केली नसती तर तें इतके दिवस जगलें नसतें. आजारी पिलूं शिकारीच्या कामाचें नाहीं, राखणीच्याही नाहीं. तरीही कोणीं तरी त्यास पाणी पाजलें, ऊब दिली, आणि शेवटीं आपल्या माणसांशेजारीं निजविलें. उपयोगाच्या पलीकडचा जो जिव्हाळा, त्याचा हा चौदा हजार वर्षांपूर्वींचा दाखला होय. ज्या घरांत पिलाचे इतके लाड होत, त्या घरचीं मुलें त्याच्याशीं खेळत नसतील असें मानणें कठीण आहे.

आतां खेळांकडे वळूं. लांडग्याची शिकार ही एक सांखळी असते. प्रथम सावजाचा माग लागतो. मग त्यावर नजर खिळते. मग दबत दबत जवळ जाणें, पाठलाग, पकड, प्राण घेणें, फाडणें आणि खाणें. अमेरिकन अभ्यासक रेमंड कॉपिंगर यांनीं दाखवून दिलें कीं, माणसानें कुत्र्याच्या निरनिराळ्या जाती घडवितांना या सांखळीच्या कांहीं कड्या बळकट केल्या व कांहीं ढिल्या केल्या. मेंढ्या वळविणारें कुत्रें नजर रोखतें, दबत चालतें, पाठलाग करितें. पण चावा घेण्यापाशीं थांबतें. पारध उचलून आणणारें कुत्रें पक्षी तोंडांत धरतें. पण फाडीत नाहीं. घरांतले तिन्ही खेळ याच दृष्टीनें पाहावे. चेंडूमागें धांवणें हा पाठलाग व पकड. दोरी ओढणें म्हणजे एका सावजावर दोघांनीं दांत रोवून ओढाताण करणें. दाराआडच्या माणसास हुडकणें म्हणजे माग काढणें. प्रत्येक खेळांत शिकार आहे. मात्र तिची शेवटची कडी, प्राण घेण्याची, काढून टाकलेली आहे.

हें सारें माणसानेंच शिकविलें असेंही नव्हे. स्वीडनमधील स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनीं हातावर वाढविलेल्या लांडग्याच्या १३ पिलांपुढें चेंडू टाकून पाहिला. त्यांपैकीं तीन पिलांनीं, कोणीं कधींही शिकविलें नसतां, अनोळखी माणसाच्या हांकेसरशीं तो आणून दिला. हा प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे चेंडू आणून देण्याचें बीज रानांतल्या पूर्वजांतच तुरळकपणें होतें. माणसानें तें वेंचून पेरलें.

महाराष्ट्राच्या भूमींत या नात्याच्या खुणा जागोजाग आहेत. प्रवरा नदीच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं एका शेतकऱ्यास ब्रांझच्या चार मूर्ति सांपडल्या. त्या सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या मानल्या जातात. त्यांत बैलांच्या जोडीनें ओढलेला एक रथ आहे. रथांत मनुष्य उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रें उभें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कुत्रीं बाळगणाऱ्या पारध्यांनीं राज्याचीं रानें फिरून तपासावीं व चोर किंवा शत्रु दिसतांच शंख-दुंदुभि वाजवून इशारा द्यावा, असें सांगितलें आहे. कल्याणीच्या चालुक्यवंशांतील राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, हा प्रसिद्ध उल्लेख याच ग्रंथांतला. त्यांत राजाच्या करमणुकीचे जे वीस विनोद वर्णिले आहेत, त्यांत ‘सारमेयविनोद’ म्हणजे कुत्र्यांची करमणूक हाही एक आहे. मात्र तो विनोद राजाचा होता. त्यांत कुत्रीं खऱ्या सावजावर सोडलीं जात, आणि सांखळीची शेवटची कडी तेथें शाबूत होती. मुधोळच्या घोरपडे घराण्यानें जोपासलेलें, लांब पायांचें व तीक्ष्ण नजरेचें शिकारी कुत्रें हें त्याच परंपरेंतलें. २००५ सालीं भारताच्या टपाल तिकिटावरही त्यास स्थान मिळालें.

लोकांच्या मनांत मात्र कुत्र्यानें निराळें घर केलें. साताऱ्याजवळ संगम माहुली येथें छत्रपति शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि दाखवितात. वाघाच्या शिकारींत त्यानें महाराजांचे प्राण वांचविले असें परंपरा सांगते. दत्तगुरूंच्या पायांशीं चार कुत्रीं बसलेलीं असतात. नामदेवांची भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें ते तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा घरोघर सांगितली जाते. आणि जेजुरीस तर खंडोबाचे वाघे स्वतःच देवाचीं कुत्रीं होऊन भुंकतात, कोटंब्यांतला प्रसाद तोंडानें खातात. राजानें कुत्र्यास सावजावर सोडलें. भक्तानें स्वतःच कुत्र्याचें सोंग घेतलें. खेळाच्या अधिक जवळ यांतलें कोण, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

कारण खेळाचा खरा प्राण दोघांच्या संमतींत आहे. आरंभीं वर्णिलेली ती छाती टेकविण्याची मुद्रा डार्विनसारख्या निरीक्षकाच्याही नजरेंतून सुटली नव्हती. कुत्र्यांच्या हावभावांचें वर्णन करणारें त्याचें पुस्तक १८७२ सालचें आहे. पुढें मार्क बेकॉफ यांनीं १९९५ सालीं दाखविलें कीं, दोन कुत्रीं खेळत असतां जो चावा खरा वाटण्याजोगा असतो, त्याच्या आधीं किंवा मागून ही मुद्रा विशेषेंकरून केली जाते. जणुं कुत्रें सांगतें, ‘हें भांडण नव्हे बरें!’ हा एक प्रकारचा करारच होय, आणि तो मोडणाऱ्याशीं पुन्हां खेळावयास दुसरें कुत्रें फारसें राजी होत नाहीं.

ज्यांच्या घरीं कुत्रें आहे त्यांस यांतून कांहीं व्यावहारिक गोष्टी घेतां येतील. चेंडू गिळतां येणार नाहीं एवढा मोठा व मऊ असावा. दगड फेंकूं नये, त्यानें दांत झिजतात व मोडतात. भर उन्हांत हा खेळ खेळूं नये. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगानें घाम येत नाहीं, आणि खेळाच्या भरांत तें आपण होऊन थांबत नाहीं. दोरी ओढतांना कुत्र्यास जिंकूं दिलें तर तें डोक्यावर बसेल, अशी समजूत आहे. इंग्लंडांत १४ कुत्र्यांवर केलेल्या व २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तिला आधार सांपडला नाहीं. तेव्हां कधीं त्यानें जिंकावें, कधीं आपण. ‘सोड’ म्हणतांच दोरी सोडण्याची संवय मात्र लावावी. तिसरा खेळ, माग काढण्याचा, हा शहरांतील लहान बिऱ्हाडास व म्हाताऱ्या कुत्र्यास सर्वांत सोयीचा. भाकरीचा तुकडा पायपुसण्याखालीं, खुर्चीमागें, पालथ्या वाटीखालीं लपवावा आणि ‘शोध’ म्हणावें. पायांस श्रम थोडे, पण नाकास व बुद्धीस भरपूर काम मिळतें. कुत्र्यानें तोंड फिरविलें, जांभई दिली, शेपूट खालीं घातलें, कीं खेळ तेथेंच थांबवावा.

हाच नियम घराबाहेर अधिक कडकपणें पाळावयास हवा. रानाच्या कडेस फिरावयास गेल्यावर मोकळें सोडलेलें कुत्रें हरणामागें धांवतें, आणि पाहणाऱ्यांस तो खेळ वाटतो. परंतु हरणानें कोणताही करार केलेला नसतो. त्याच्या दृष्टीनें ती शिकारच. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीच्या व्याख्येंत जनावराचा असा पाठलाग करविणेंही घातलें आहे. शिवाय बॉनच्या त्या पिलास जो रोग झाला, तो कुत्र्यांकडून रानांतल्या श्वापदांस होऊं शकतो. गीरच्या रानांत २०१८ सालीं याच रोगाच्या विषाणूनें सिंह दगावले. म्हणून घरच्या कुत्र्यास वेळेवर लस टोंचणें व रानांत दोरींत ठेवणें, हाही खेळाच्या नियमांचाच भाग समजावा.

हेमलकशाच्या अंगणांत माणसाच्या मांडीवर डोकें ठेवणारा बिबट्या पाहून पाहुण्यांस वाटतें कीं, कोणतेंही जनावर कुत्र्यासारखें होऊं शकेल. तसें नाहीं. त्या बिबट्याचा विश्वास त्या एका माणसावर, लहानपणापासून केलेल्या अहोरात्र संगोपनानें बसलेला असतो. त्याच्या जातीचें दुसरें पिलूं पुन्हां रानटीच जन्मतें, आणि सारें पहिल्यापासून करावें लागतें. चंद्रपूर-गडचिरोलीच्या त्याच रानांत राहणारा कोळसून, म्हणजे रानकुत्रा, हजारों वर्षें माणसाच्या शेजारीं असूनही माणसाळला नाहीं. कुत्र्यानें मात्र तो विश्वास शेंकडों पिढ्यांच्या वारशानें मिळविला आहे. तें डोळे उघडतांच माणसाकडे पाहावयास शिकतें. सायंकाळीं धन्यापुढें जें जनावर छाती टेकवून वांकतें, तें त्या वारशाची खूण दाखवीत असतें. चौदा हजार वर्षांपूर्वीं कोणीं तरी एका आजारी पिलास उशाशीं घेतलें; त्याचें देणें तें रोज चेंडूच्या रूपानें पायांशीं आणून ठेवतें. दिवसभराच्या श्रमानें थकलेल्या धन्यानें तो एकदां तरी उचलून फेंकावा, एवढीच त्याची अपेक्षा असते.