आमच्या घरच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे

मी सातवी शिकलेली बाई. लेख लिहिण्याचा सराव नाही. परंतु स्मरणिकेसाठी घरातील एखाद्या जुन्या वस्तूची हकीकत लिहावी असे ठरले, तेव्हा मला आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटेच आठवले.

कोकणात कोठे खड्यांच्या गौरी, तर कोठे तेरड्याच्या. आपल्या सोलापूरकडे मात्र मुखवट्यांच्या उभ्या ज्येष्ठा-कनिष्ठा. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात नि मूळावर जातात.

आमचे आजेसासरे जुन्या गिरणीत कामाला होते. ही गिरणी 1877 साली सुरू झाली. त्यांच्या पगारातून आजेसासूबाईंनी शाडूचे मुखवटे घेतले. पितळेचे घेण्याची ऐपत नव्हती. ती उणीव त्यांनी मोरपिसांनी भरून काढली. पावसाळा सरता सरता मोराची पिसे गळतात. माहेरच्या शेतातून ती वेचून आणून त्यांनी दोन्ही मुकुटांमागे प्रभावळ बांधली. आजेसासूबाईंचा फोटो घरात नाही. त्यांच्या हातची तेवढीच खूण होती.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी हौसेने ते मुखवटे ओल्या फडक्याने पुसले आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवले. पुढल्या वर्षी उघडून पाहते तो कनिष्ठेच्या गालाचा रंग सुटलेला, आणि पिसांना कसर लागून नुसत्या काड्या उरलेल्या! मला रडूच कोसळले. सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अगं, शाडू म्हणजे कच्ची माती, तिला पाणी सोसत नाही. मीच तुला आधी सांगायला हवं होतं.”

गाल रंगवून घेतला. पण तो जुना चेहरा काही परत आला नाही. प्रभावळ सासूबाईंनी पुन्हा बांधली, तीही गळलेल्या पिसांचीच. मोर 1963 साली राष्ट्रीय पक्षी झाला, आणि 1972 च्या कायद्याने त्याला मारणे हा गुन्हा आहे.

तेव्हापासून मुखवटे कोरड्या मऊ ब्रशाने झटकते. पिसे वेगळी काढून सावलीत वारा देते. पिसाचा निळा रंग लावलेला नसतो; त्याच्या बारीक रचनेवर उजेड पडून तो दिसतो. म्हणून पीस चुरगळले की झळाळी गेलीच. ती आडवी, न दुमडता, जुन्या मलमलीत ठेवते. शेजारी वेखंडाची पुरचुंडी. मुखवटे निराळ्या लाकडी पेटीत, खाली-वर कापूस घालून. पावसाळ्यात एकदा पेटी उघडून पाहते.

हल्ली फायबरचे मुखवटे मिळतात. ते हलके नि टिकाऊ. जरूर घ्यावेत. परंतु जुने टाकण्यापूर्वी ते कोणी आणले, हे घरातल्या वडील बाईला विचारावे. आणि लेकीसुनांना वेळीच सांगून ठेवावे. मी माझ्या लेकीला सांगितले आहे.