गुदाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेची वाटचाल

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १५ सेंटिमीटरचा भाग. कमरेच्या हाडांमधल्या अरुंद पोकळीत तो दडलेला असतो. त्याच्या पुढे मूत्राशय व जननेंद्रिये, मागे माकडहाड आणि लगतच लघवी व लैंगिक क्रियेचे नियमन करणाऱ्या नसा असतात. या अडचणीच्या जागेमुळे इथल्या कर्करोगाची शस्त्रक्रिया दीर्घकाळ बेभरवशाची राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स ही गाठ खालून, गुदद्वाराच्या बाजूने काढत असत. आपल्या ५७ रुग्णांचा त्यांनी मागोवा घेतला, तेव्हा ५४ जणांत रोग उलटल्याचे आढळले. रोग लसिकावाहिन्यांतून वर, खाली आणि बाजूला पसरतो, असा निष्कर्ष त्यांनी शवविच्छेदनांवरून काढला. १९०८ मध्ये ‘लॅन्सेट’मधून त्यांनी पोट व गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी संपूर्ण गुदाशय काढण्याची पद्धत मांडली. पहिल्या १२ रुग्णांपैकी ५ दगावले, तरीही पुढे अनेक दशके हीच प्रमाण शस्त्रक्रिया ठरली. त्यातून वाचलेल्या रुग्णाला पोटावर काढलेल्या कायमच्या मलमार्गासह जगावे लागे.

१९३२ मध्ये लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी रोग किती खोल गेला आहे आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला आहे का, यावरून त्याचे ए, बी व सी असे टप्पे पाडले. रोग खालच्या दिशेने क्वचितच पसरतो, हेही कालांतराने स्पष्ट झाले. त्यामुळे गुदद्वार राखून आतडे पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेला आधार मिळाला. १९७० च्या दशकात आलेल्या स्टेपलर यंत्रांनी हा जोड अगदी खालीही घालता येऊ लागला. मात्र गाठ काढलेल्या जागीच रोग पुन्हा उद्भवण्याचा प्रश्न सुटला नव्हता.

त्याचे उत्तर इंग्लंडमधील बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी शोधले. गुदाशयाभोवती चरबी, रक्तवाहिन्या व लसिकाग्रंथी यांचे एक वेष्टन असते. त्याला मेसोरेक्टम म्हणतात. पूर्वी सर्जन पोकळीत हात घालून गुदाशय बोटांनी सोडवत. त्यात हे वेष्टन फाटे आणि त्याचा काही भाग आतच राही. १९८२ च्या शोधनिबंधात हील्ड व सहकाऱ्यांनी पाच रुग्णांचे दाखले दिले. गाठीच्या खालच्या कडेपासून कित्येक सेंटिमीटर खाली, या वेष्टनात कर्करोगाचे सूक्ष्म कण सापडले होते. म्हणून वेष्टन व त्याबाहेरील ऊती यांच्यामधल्या नैसर्गिक पदरातून, डोळ्यांना दिसेल तसे कापत जाऊन ते अखंड काढावे, असे त्यांनी सांगितले. या पद्धतीने रोगमुक्तीच्या अपेक्षेने शस्त्रक्रिया झालेल्या ५० रुग्णांचा दोन वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला. त्यांपैकी एकाच्याही कटिभागात रोग परतला नव्हता. याच पदरातून गेल्यास नसाही अधिक वाचतात.

नेदरलँड्समधील सर्जनांना या पद्धतीचे प्रशिक्षण देऊन तिथे १,८६१ रुग्णांची चाचणी घेण्यात आली. २००१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण केवळ शस्त्रक्रियेनंतर ८.२ टक्के होते. आधी किरणोपचार दिल्यास ते २.४ टक्क्यांवर आले.

ब्राझीलमधील साओ पावलोच्या सर्जन अँजेलिटा हाब्र-गामा आणखी पुढे गेल्या. किरणोपचार व केमोथेरपीनंतर काही रुग्णांत गाठीचा मागमूसही उरत नाही. अशांवर शस्त्रक्रिया न करता काटेकोर देखरेख ठेवावी, असे त्यांनी सुचवले. २००४ मध्ये त्यांनी २६५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली; त्यांतील ७१ जणांना असे देखरेखीखाली ठेवले होते आणि त्यांचा पाच वर्षांचा जगण्याचा दर १०० टक्के होता. सुरुवातीला या मतावर कडाडून टीका झाली. आज निवडक रुग्णांसाठी हा मान्य पर्याय आहे. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत गाठ पुन्हा वाढते, बहुधा पहिल्या दोन वर्षांतच. म्हणून नियमित तपासणी ही या उपचाराची अटच आहे.

२०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने डोस्टार्लिमॅब या प्रतिकारशक्तीवर आधारित औषधाचे निष्कर्ष जाहीर केले. उपचार पूर्ण केलेल्या पहिल्या १२ रुग्णांपैकी प्रत्येकाची गाठ नाहीशी झाली. मात्र डीएनए-दुरुस्तीतील विशिष्ट दोष असलेल्या गाठींनाच हे औषध लागू पडते, आणि गुदाशयाच्या कर्करोगांत त्यांचे प्रमाण ५ ते १० टक्केच आहे. उरलेल्या बहुसंख्य रुग्णांसाठी हील्ड यांनी दाखवलेल्या पदरातून केलेली नेटकी शस्त्रक्रिया हाच अजूनही उपचाराचा कणा आहे.