बारतोंडीचा लाल रंग



मागच्या महिन्यात आमच्या बैठकीत एकीने कर्ज मागितलं. कशाला? नोनीच्या रसाच्या बाटल्यांना. गुडघेदुखी थांबते असं तिला कुणीतरी पटवलेलं. आम्ही वही उघडली, तेवढ्यात गटातल्या आजी म्हणाल्या, "अगो, नोनी म्हणजे आपली बारतोंडीच ना?" आम्ही सगळ्या गप्प. ते झाड आमच्या खाडीच्या बांधावर उभं आहे.

फळावर डोळ्यांसारखे ठिपके असतात. पिकलं की असा उग्र वास की पोरं नाक दाबून पळतात. बियांत हवेची पोकळी असते, त्या समुद्रावर तरंगत जातात. पॅसिफिकमधल्या लोकांनी तर हे झाड होड्यांतून बेटाबेटांवर नेलं आणि टंचाईत फळ खाऊन दिवस काढले. थायलंडमध्ये हिच्या पानांवर मासळी वाफवतात.

पण आपल्याकडे हिचा खरा इतिहास मुळांत आहे. खानदेशात, बुंदेलखंडात 'आल' नावाने तिची शेती व्हायची. तीन-चार वर्षं जमीन अडकवून ठेवायची, मग खोल खणून मुळं काढायची. बारीक मुळांना भाव जास्त, कारण रंग सालीत असतो. तुरटी लावलेलं कापड त्या रंगात उकळलं की पक्का लाल रंग चढे. त्या जाड्याभरड्या कापडाला खारवा म्हणत. सावकाराच्या चोपड्यांनाही लाल खारव्याची बांधणी असे. (आमची कर्जाची वहीसुद्धा लालच आहे!) इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरात आलीचं पीक नोंदलेलं आहे. मुळं कुणी धुतली, कुणी कुटली, त्यांची नावं मात्र तिथे शोधू नका.

१८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या दोघांनी मंजिष्ठेतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. थोड्याच वर्षांत तो डब्यांतून बाजारात आला. जे रंगवायला आलीची तीन वर्षं लागत, ते आता एका दिवसात व्हायला लागलं. शेतकरी दुसऱ्या पिकांकडे वळला, रंगारी डब्याकडे. आम्हाला वाटतं, नुसत्या स्वस्ताईने आल हरली नाही, तिची वाट बघायला कुणाला सवड उरली नाही.

मग १९९० नंतर तेच झाड अमेरिकेहून बाटलीत बसून परत आलं, 'नोनी' होऊन. २००३ मध्ये युरोपीय संघानेही रसाला खाद्य म्हणून परवानगी दिली. खाद्य म्हणून, औषध म्हणून नव्हे, हे बाटली विकणारा सांगत नाही. रसात पोटॅशियम बरंच असतं, त्यामुळे किडनीचा त्रास असलेल्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

कर्जाचा अर्ज आम्ही पुढच्या बैठकीवर ठेवला. त्या बैठकीला आजी बारतोंडीच्या मुळाचा बोटभर तुकडा घेऊन आल्या. साल खरवडली तर आत पिवळी. पाण्यात कुस्करली, वर पानाच्या डबीतला चिमूटभर चुना टाकला. वाटीतलं पाणी लाल झालं. कर्ज मागणारीनेच आधी त्यात आपल्या ओढणीचं टोक बुडवलं.