के गोत्रातले उंदीर

विषाणू शिरलेली पेशी रोगप्रतिकार यंत्रणेतल्या मारक टी पेशीला कशी ओळखू येते, या प्रश्नाचं उत्तर १९७४ च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात छापून आलं. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांचा तो छोटासा लेख. त्या कामासाठी दोघांना १९९६ चं नोबेल मिळालं. एक स्विस डॉक्टर, एक ऑस्ट्रेलियन पशुवैद्य, कॅनबेराच्या जॉन कर्टिन स्कूलमध्ये जागेची टंचाई, त्यामुळे दोघांच्या वाट्याला आलेली एकच प्रयोगशाळा आणि तिथे घुमणारी झिंकरनागेलची ऑपेरा, हे सगळं अनेकदा लिहून झालं आहे. मला या शोधाचं कूळ मात्र त्या खोलीत सापडत नाही. ते सापडतं उंदीर पाळण्याच्या हौशीत. ही वाट मला दाखवली त्या प्रयोगात वापरलेल्या पेशींच्या नावाने. ते नाव एल-९२९.

प्रयोग असा होता. एलसीएम नावाचा विषाणू उंदराच्या मेंदूत टोचायचा. आठवड्याभराने त्याच्या टी पेशी काढून घ्यायच्या. दुसरीकडे काचपात्रात वाढवलेल्या एल-९२९ पेशींना त्याच विषाणूची लागण करून त्यांच्यात किरणोत्सारी क्रोमियम भरायचं. मग दोन्ही एकत्र ठेवायच्या. टी पेशींनी एल पेशी फोडल्या की क्रोमियम बाहेर पडतं, ते मोजायचं. क्रोमियमची ही युक्ती झिंकरनागेल स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून शिकून आला होता. सीबीए वाणाच्या उंदरांच्या टी पेशींनी एल पेशींचा फडशा पाडला. सी-५७ ब्लॅक आणि बॅल्ब-सी या वाणांच्या टी पेशींनी त्यांना हातही लावला नाही. तोच विषाणू, तीच मात्रा, तरीही. विषाणू ओळखणं पुरेसं नव्हतं. ज्या पेशीत तो बसला आहे ती आपल्या गोत्राची आहे की नाही, हेही टी पेशी पाहत होती. लग्नात सगोत्र चालत नाही, इथे सगोत्र नसेल तर काही घडतच नाही.

हे गोत्र म्हणजे एच-२ नावाचा जनुकांचा समूह. सीबीएचं एच-२ ‘के’ प्रकारचं, सी-५७ ब्लॅकचं ‘बी’, बॅल्ब-सीचं ‘डी’. आणि एल-९२९? त्याही ‘के’. आता विचार करा, कॅनबेरात पहिले प्रयोग सीबीएऐवजी काळ्या सी-५७ वर झाले असते तर? क्रोमियम जागचं हललं नसतं आणि पद्धतच चुकली असं समजून दोघं पुढच्या कामाला लागले असते. अमेरिकेत तयार झालेल्या पेशी आणि ऑस्ट्रेलियातले उंदीर एकाच गोत्राचे निघाले, त्या योगायोगावर हा शोध उभा आहे. पण हा योगायोग कुणी घडवला?

एल पेशी १९४० साली विल्टन अर्ल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत तयार केल्या, सी-३-एच वाणाच्या एका नर उंदराच्या कातडीखालच्या ऊतीतून. पुढे १९४८ मध्ये कॅथरीन सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी त्यातली एकच पेशी बारीक काचनळीत अलग करून तिच्यापासून सगळा वंश वाढवला, तो ९२९ क्रमांकाचा. सी-३-एच आणि सीबीए ही दोन्ही वाणं लिओनेल स्ट्राँग या माणसाने १९२० मध्ये एकाच संकरातून काढली: हॅल्सी बॅग यांच्याकडची पांढरी मादी आणि डीबीए वाणाचा नर. म्हणजे अर्लच्या काचपात्रातला उंदीर आणि कॅनबेराच्या पिंजऱ्यातला उंदीर हे चुलत घराण्यातले. बॅग यांनी आपले पांढरे उंदीर १९१३ मध्ये ओहायोतल्या एका उंदीर-विक्रेत्याकडून घेतले होते. डीबीए हे क्लॅरेन्स लिटल यांनी १९०९ पासून केसांच्या रंगाचा वारसा तपासण्यासाठी सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावून बनवलेलं पहिलं शुद्ध वाण.

इथे मला एक कोडं दिसलं आणि मी त्याच्या मागेच लागलो. आजच्या बॅल्ब-सीचं एच-२ ‘डी’ आहे. आजच्या डीबीए-२ चंही ‘डी’. मग त्यांच्या पोटी ‘के’ कुठून आलं? एक तर्क बॅगच्या बाजूचा: स्ट्राँगने संकर केला तेव्हा बॅगचे उंदीर एकजिनसी झालेलेच नव्हते, त्यांच्यात भावंडांच्या जोड्या लावण्याचं काम मॅक्डॉवेल यांनी १९२३ मध्ये सुरू केलं. दुसरा तर्क डीबीएच्या बाजूचा: डीबीए-१ चं एच-२ ‘क्यू’ आहे, डीबीए-२ चं ‘डी’, त्यामुळे ‘शुद्ध’ म्हणवणारं हे घराणंही तेव्हा शुद्ध नव्हतं आणि ‘के’ तिथूनही आलं असेल. दुसरा तर्क सोपा वाटतो, पण मी पहिल्याच्या बाजूने आहे. माझा पुरावा ‘ए’ नावाचं पांढरं वाण. तेही स्ट्राँगनेच १९२१ मध्ये काढलं, बॅगचे पांढरे आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरचे पांढरे यांच्या संकरातून. डीबीएचा त्यात संबंध नाही. तरी त्याच्या एच-२ चं एक टोक ‘के’ आणि दुसरं ‘डी’. दोन संकर, दोन्हींत ‘के’, आणि दोन्हींत समाईक कोण? बॅगचे उंदीर. ओहायोच्या त्या विक्रेत्याच्या मालातच ‘के’ आणि ‘डी’ दोन्ही होते, अशी माझी ठाम समजूत आहे. ‘डी’ बॅल्ब-सीकडे गेलं, ‘के’ सी-३-एच आणि सीबीएकडे.

सी-५७ ब्लॅकची कथा अधिक मोठी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावात ॲबी लॅथ्रॉप नावाच्या माजी शिक्षिकेने कोंबड्यांचा धंदा बसल्यावर उंदीर पैदास सुरू केली. सुरुवात हौशी गिऱ्हाइकांसाठी, विशेषतः गोल गोल फिरणाऱ्या जपानी ‘नाचऱ्या’ उंदरांची. आतल्या कानातला जन्मजात दोष हे त्यांच्या नाचण्याचं कारण. पुढे प्रयोगशाळा तिच्याकडून उंदीर घेऊ लागल्या, आणि एके काळी तिच्याकडे ११,००० हून अधिक उंदीर होते. १९०८ च्या सुमारास तिला काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसल्या. तिने अनेक संशोधकांना लिहिलं. पेनसिल्व्हेनियातल्या लिओ लोब यांनी तो कर्करोग असल्याचं सांगितलं, आणि मग या दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिले. अंडाशय काढलेल्या माद्यांना स्तनाच्या गाठी कमी होतात, हे त्यांत आहे. लॅथ्रॉपच्या साठ्यातली ५७ क्रमांकाची मादी ही लिटलने १९२१ मध्ये घडवलेल्या सी-५७ ब्लॅकची आई. कॅनबेरात ज्यांनी ‘नाही’ म्हटलं, ते हेच काळे उंदीर.

जपानी नाचऱ्या उंदरांचं ऋण याहून खोल आहे. जपानमध्ये १७८७ सालीच उंदीर पैदाशीचं पुस्तक छापलं गेलं होतं, नाना रंगांचे उंदीर कसे काढावेत ते सांगणारं. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की प्रयोगशाळेतल्या जुन्या वाणांच्या जनुकसंचात जपानी हौशी उंदरांचे तुकडे जागोजाग विखुरलेले आहेत. एच-२ चा प्रश्नही उभा राहिला तो याच उंदरांमुळे. हार्वर्डमध्ये टायझर यांनी नाचऱ्या उंदरातली गाठ दुसऱ्या नाचऱ्या उंदरात लावली की ती वाढायची, साध्या उंदरात नाही. पहिल्या पिढीच्या संकरात वाढायची, दुसरीत जवळजवळ कधीच नाही. लिटल आणि टायझर यांच्या १९१६ च्या मोजणीत दुसऱ्या पिढीतल्या १८३ पैकी फक्त ३ उंदरांत ती वाढली. गाठ स्वीकारायला अनेक जनुकं एकदम जुळावी लागतात, असा अर्थ लिटलने लावला.

त्या अनेकांतलं सर्वांत बलवान जनुक १९३६-३७ मध्ये लंडनच्या पीटर गोरर यांनी रक्ताच्या चाचण्यांतून पकडलं. त्यांच्यामागे होते जे. बी. एस. हाल्डेन, जे पुढे भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. अमेरिकेत जॉर्ज स्नेल शेपटी वाकडी असलेल्या उंदरांच्या जनुकाशेजारी हेच जनुक शोधत पोहोचले. १९४८ मध्ये दोघांच्या संयुक्त लेखात त्याला एच-२ नाव मिळालं. स्नेलचा ‘एच’, गोररचा ‘दोन’. गोरर १९६१ मध्ये गेले, म्हणून या शोधाला दिलेलं १९८० चं नोबेल त्यांना मिळालं नाही, ही मला या इतिहासातली सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते.

तोवर एच-२ म्हणजे कलम झिडकारणारं जनुक, एवढीच त्याची ओळख होती. पण निसर्गात कुणी कुणाला कातडी लावत नाही, मग ते सांभाळलं गेलं तरी कशासाठी? कॅनबेराच्या लेखाचं मोल इथे आहे. पहिला मान कुणाचा याबद्दल मतभेद आहेत. रोझेन्थाल आणि शेव्हॅक यांनी १९७३ मध्ये गिनीपिगच्या पेशींत, आणि जीन शियरर यांनी रसायन चिकटवलेल्या पेशींत अशीच जोडबंदी पाहिली होती. तरी माझं मत झिंकरनागेल-डोहर्टींच्याच बाजूने पडतं, कारण विषाणू आल्यावरच या जनुकांना पोटापाण्याचं काम सापडलं. दोघांनी दोन शक्यता मांडल्या होत्या. टी पेशीला दोन वेगळे डोळे असतील, एक गोत्रासाठी आणि एक विषाणूसाठी. किंवा विषाणूमुळे बदललेलं गोत्रच ती एका डोळ्याने पाहत असेल. त्यांचा कल दुसरीकडे होता आणि तेच बरोबर निघालं. १९८७ मध्ये हार्वर्डच्या पामेला ब्यॉर्कमन आणि डॉन वायली यांनी माणसातल्या अशाच रेणूची रचना काढली. त्याच्या माथ्यावर खोबण होती आणि खोबणीत प्रथिनाचा तुकडा बसलेला होता. टी पेशी ही जोडी एकत्र वाचते.

एलसीएम विषाणूचं घरही उंदरांच्याच पिंजऱ्यात सापडलं. १९३५ मध्ये एरिक ट्राउब यांना प्रिन्स्टनच्या रॉकफेलर संस्थेतल्या उंदरांत तो वस्तीला असलेला दिसला. गर्भातच लागण झालेले उंदीर तो जन्मभर बाळगूनही तंदुरुस्त. त्यावरून बर्नेट आणि फेनर यांनी १९४९ मध्ये तर्क केला की शरीर ‘आपलं’ काय ते जन्माच्या सुमारास शिकतं. फेनर मग कॅनबेराला आले आणि हा विषाणू तिथे रुजला.

२००५ मध्ये अमेरिकेत एका मृत दात्याचे अवयव चार रुग्णांना बसवण्यात आले आणि चौघांनाही एलसीएमची लागण झाली. तिघं दगावले. विषाणू दात्याच्या घरच्या पाळीव हॅमस्टरमधून आला होता, जो दुकानातून आणलेला होता. नवा अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून त्या रुग्णांच्या टी पेशी औषधांनी दाबून ठेवलेल्या होत्या, आणि वाचलेल्या एकाची तीच औषधं डॉक्टरांनी कमी केली होती.