मराठी शाळेतून इंग्रजी शाळेत
रत्नागिरी जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासातील एक प्रकरण

मुलांचे शिक्षण परीक्षेतील अपयशामुळे खुंटते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा एकोणिसाव्या शतकापासूनचा इतिहास पाहिला, तर अनेक हुशार मुलांची वाट दोन शाळांच्या मधल्या अंतरातच अडली, असे दिसून येते. आपल्या ज्ञातिबांधवांनी या इतिहासाचा विचार अगत्याने करावा, म्हणून हा अल्प प्रयत्न.

जुन्या मुंबई इलाख्यात मराठी चौथी झालेला मुलगा इंग्रजी पहिलीत जाई आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. मराठी शाळा पुष्कळ गावांत होती. इंग्रजी शाळा मात्र रत्नागिरी, दापोली यांसारख्या मोजक्या ठिकाणी. ज्याला तेथे जाणे साधत नसे तो मराठी शाळेतच राहून व्हर्नाक्युलर फायनल होई आणि शिक्षक किंवा तलाठी होण्याची उमेद धरी. पुढे इंग्रजीकडे वळावयाचे झाल्यास त्याला आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसावे लागे. अर्थात दहा-बारा वर्षांच्या वयात झालेला निर्णय जन्मभर पुरत असे.

हा टप्पा कोणी ओलांडला? डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ साली तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या मालवण येथे झाला. वडिलांची नोकरी रत्नागिरीस आल्यामुळे त्यांना तेथील इंग्रजी शाळा लाभली. लोकमान्य टिळकांच्या वडिलांची बदली पुण्यास झाली, तेव्हा १८६६ साली दहा वर्षांचा बाळही पुण्यास गेला. या थोर पुरुषांची बुद्धी असामान्य होती यात संशय नाही. परंतु वडिलांच्या नोकरीने त्यांना शाळेच्या दारापर्यंत नेले, हेही तितकेच खरे.

ज्यांना असे साह्य नव्हते, त्यांचे उदाहरण म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. मुरूडच्या मराठी शाळेतील शिक्षण आटोपून सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठी १८७५ साली ते सोबत्यांसह भर पावसात, कुंभार्ली घाटाने, सुमारे ११० मैल पायी साताऱ्यास गेले. तेथे वयाने लहान दिसतात, एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढील वर्षी कोल्हापुरास जाऊन ते उत्तीर्ण झाले. मग रत्नागिरीच्या हायस्कुलात गेले. तेथे प्रकृती बिघडल्याने परतावे लागले. अखेर मुंबईस रॉबर्ट मनी शाळेतून ते १८८१ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. एवढी चिकाटी प्रत्येक बालकाने दाखवावी, अशी अपेक्षा कोणत्याही समाजाने धरणे न्याय्य नव्हे.

साने गुरुजींचीही कथा अशीच. पालगडची शाळा संपल्यावर दापोलीची मिशन शाळा, घरच्या ओढग्रस्तीमुळे पुढे औंध आणि शेवटी पुणे, अशी भ्रमंती करून ते १९१८ साली मॅट्रिक झाले.

या चरित्रांवरून असे दिसते की, नव्या शाळेत जाणाऱ्या मुलास बुद्धीइतकीच राहण्याची सोय, दोन वेळचे जेवण, फीची तरतूद आणि सोबत यांची गरज असते. महर्षी कर्वे हे विसरले नाहीत. शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले.

आज परिस्थिती पालटली आहे. २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. शाळाही जवळ आल्या आहेत. तथापि वाडीवरची लहान शाळा सोडून मोठ्या शाळेत जाणारे मूल आजही बावरते. एका गुरुजींच्या मायेत वाढलेल्या मुलास प्रत्येक तासाला नवा शिक्षक भेटतो, एस.टी.ची वेळ गाठावी लागते. आणि मुलीस एकटीने पाठविण्यास घरची माणसे कचरतात.

तेव्हा ज्ञातिबंधुभगिनींनो, बक्षीस समारंभात उत्तीर्णांचा गौरव आपण अवश्य करावा. परंतु ज्याने प्राथमिक शाळा नुकतीच सोडली, त्याच्या घरीही जून महिन्यापूर्वी एकदा जावे. पालकांसह त्याला नवी शाळा दाखवावी, वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी सोबतीस द्यावा, वह्यापुस्तके आणि प्रवासखर्च यांची विचारपूस करावी. मुंबईकर बांधवांनी गावाकडच्या एका तरी मुलाची वर्षभर खबर ठेवावी. या कार्यास मोठा निधी लागत नाही, आस्था लागते. आणि आपल्या समाजात तिचा तुटवडा नाही, असा आमचा विश्वास आहे.