जंगल सफारीची तयारी: गेटपर्यंत फोन, गेटच्या आत काय?

सफारीचं बुकिंग फोनवर, रस्ता फोनवर, ओळखपत्र फोनवर, पैसे फोनवर, फोटोही फोनवरच. आणि मग गेटवर सांगितलं जातं, "फोन इथे जमा करा." त्या क्षणापासून पुढचे तीन-चार तास आपल्याजवळ नेमकं काय असतं? या लेखाचा विषय तोच आहे.

मी वाशिमचा. आमच्या भागातून वर्षाला बरीच कुटुंबं टिपेश्वर, मेळघाट, ताडोबाला जातात आणि निघण्याआधी मला कॅमेरा, पॉवर बँक, ऑफलाईन नकाशा याबद्दल विचारतात. ती सगळी उत्तरं इथे एका जागी देतोय. शेवटी आफ्रिकेला जाणाऱ्यांसाठी वेगळा भाग आहे.

फोनवर बंदी का आली?

ताडोब्यात 2018 मध्येच कोअर भागात पर्यटकांच्या मोबाईलवर बंदी आली. पण हा विषय खरा पेटला तो 31 डिसेंबर 2024 ला. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव गेटच्या भागात एफ-2 नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांमध्ये अडकून पडले. दोन्ही बाजूंनी जिप्सी, मधे वाघीण. त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि गाईड-चालकांवर कारवाई झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कॉर्बेट प्रकरणाच्या निकालात व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाईल वापरू देऊ नये, असं म्हटलं.

यात तांत्रिक कारण सोपं आहे. फोनला मोठा ऑप्टिकल झूम नसतो. त्यामुळे फोनवर चांगला फोटो हवा असेल तर गाडी जवळ न्यावी लागते, आणि मागचा चालकावर दबाव टाकतो, "भाऊ, थोडं पुढे घ्या ना." शिवाय एका गाडीला वाघ दिसला की फोनवरून दहा गाड्यांना कळतं. म्हणजे बंदी फोटोवर नाही. ती जवळ जाण्यावर आणि गर्दीवर आहे. म्हणूनच बहुतेक ठिकाणी साधा कॅमेरा चालतो. त्याचं वेगळं शुल्क असू शकतं, ते बुकिंगच्या वेळीच बघून घ्या.

वाशिमहून कुठे जाता येतं?

- कारंजा-सोहोळ अभयारण्य: आपल्याच जिल्ह्यात, सुमारे 18 चौरस किलोमीटरचं गवताळ रान. वाघ नाही, काळवीट आहेत. दुर्बीण आणि कॅमेऱ्याचा सराव करायला याच्यासारखी जागा नाही.
- काटेपूर्णा अभयारण्य: अकोला-वाशिम सीमेवर, धरणाच्या भोवती. चौशिंगा आणि पाणपक्ष्यांसाठी.
- टिपेश्वर: मंगरुळपीर, दारव्हा, यवतमाळमार्गे पांढरकवडा. सुमारे 148 चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य, पण वाघांसाठी नावाजलेलं.
- मेळघाट: अकोला, अकोटमार्गे शहानूर. डोंगराळ भाग, नेटवर्क फार कमी.
- ताडोबा: यवतमाळ, वणीमार्गे चंद्रपूर, नाहीतर समृद्धी महामार्गाने नागपूर गाठून पुढे.

टिपेश्वरची एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या एका तरुण वाघाला 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. तो वाघ विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातून 3,000 किलोमीटरपेक्षा जास्त चालत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातली कॉलर उपग्रहाकडून स्वतःची जागा ओळखते आणि ती ठरावीक वेळाने पाठवते. म्हणून त्याचा रस्ता आपल्याला कळला. म्हणजे वाघ काही फक्त गेटच्या आत राहत नाही. आपल्या शेतशिवारातूनही त्याची वाट जाते.

बुकिंग करताना

1. वन विभागाच्या मुख्य संकेतस्थळावरून त्या-त्या जंगलाच्या बुकिंग पानावर जा. सर्च केल्यावर वर दिसणारी जाहिरात म्हणजे सरकारी पान नव्हे.
2. जंगलाचं नाही, गेटचं नाव आधी ठरवा. ताडोब्याचं मोहर्ली गेट दक्षिणेला चंद्रपूरच्या बाजूला, तर कोलारा उत्तरेला चिमूरच्या बाजूला. कोअरमधून आरपार जाता येत नाही. मोहर्लीचं बुकिंग आणि कोलाऱ्याजवळ मुक्काम असं झालं तर पहाटेची सफारी हातची गेलीच समजा.
3. साप्ताहिक सुट्टी बघा. ताडोब्याचा कोअर मंगळवारी बंद असतो. पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद. बफरचे नियम वेगळे असतात.
4. प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक कार्डावर आहे तसाच टाका. गेटवर तेच मूळ कार्ड दाखवावं लागतं.
5. ऑनलाईन भरलेल्या रकमेत काय-काय आलं ते वाचा. प्रवेश, जिप्सी आणि गाईड ही तीन वेगवेगळी शुल्कं आहेत. काही ठिकाणी जिप्सी-गाईडचे पैसे गेटवर द्यावे लागतात.
6. पावती कागदावर छापून घ्या. दोन प्रती.

नकाशा ऑफलाईन कसा करायचा?

गूगल मॅप्समध्ये वर तुमच्या फोटोवर टॅप करा, ऑफलाईन मॅप्स निवडा आणि वाशिमपासून गेटपर्यंतचा चौकोन डाउनलोड करा. हे घरच्या वायफायवर, आदल्या दिवशी.

बऱ्याच जणांना वाटतं की नेट नसलं की जीपीएस चालत नाही. तसं नाही. जीपीएसचा सिग्नल थेट उपग्रहाकडून येतो, त्याला सिम लागत नाही. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. ते आधीच फोनमध्ये असेल तर निळा ठिपका बरोबर चालतो. फक्त नेटशिवाय पहिल्यांदा जागा पकडायला एखाद-दोन मिनिटं जास्त लागू शकतात, तेवढी वाट बघा.

दुसरी गोष्ट बॅटरीची. जिथे नेटवर्क क्षीण, तिथे फोन टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी भराभर उतरते. मेळघाटात शिरताना मी फोन सरळ एअरप्लेन मोडवर टाकतो. जीपीएस तरीही चालू राहतं.

फोनचं काम कोण करणार?

पॅकिंगची माझी पद्धत अशी: फोन माझ्यासाठी काय-काय करतो ते लिहायचं आणि प्रत्येक कामासाठी एक वस्तू पिशवीत टाकायची.

- तिकीट: छापील पावती.
- ओळखपत्र: मूळ कार्ड. डिजिलॉकर चांगलं आहे, पण नेटवर्क नसेल तर ते वेळेवर उघडेलच असं नाही, आणि फोन जमा झाल्यावर तर प्रश्नच मिटला.
- पैसे: रोख, तेही सुट्ट्या नोटांत. गेटवर यूपीआय अडकलं की मागे रांग लागते.
- घड्याळ: साधं. स्मार्टवॉच चालेल का, ते गेटवर विचारावं लागतं.
- टॉर्च: छोटी, गेटपर्यंतच्या अंधारासाठी. आत वापरायची नाही.
- नंबर: एका कागदावर घरचे दोन नंबर, मुक्कामाच्या जागेचा नंबर, प्रत्येकाचा रक्तगट आणि चालू औषधं. फोनशिवाय आपल्याला कुणाचाच नंबर पाठ नसतो.
- कॅमेरा आणि दुर्बीण: याबद्दल पुढे.

यातला नंबरांचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या आईला मधुमेह आहे. ती सोबत असते तेव्हा आम्ही घरी आधीच सांगून ठेवतो की अमुक ते तमुक वेळ फोन लागणार नाही, काळजी करू नका. जिप्सीत बसल्यावर गाईडला तिच्या तब्येतीबद्दल सांगतो आणि गोळ्या, खडीसाखर हँडबॅगेत न ठेवता तिच्या खिशात ठेवतो. अडचण आली तर मदत मागवण्याचं साधन गाईड किंवा चालकाकडेच असतं, म्हणून त्याला माहिती आधी हवी.

फोन जमा करताना तो बंद करा, स्क्रीन लॉक आहे ना बघा, टोकन घ्या. ओटीपी लागणारे सगळे व्यवहार त्याआधीच उरका.

दुर्बीण आणि कॅमेरा

दुर्बिणीवर 8×42 असे आकडे असतात. 8 म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 42 ला 8 ने भागा, साधारण 5 येतात. हा आकडा जितका मोठा तितकं पहाटेच्या अंधूक उजेडात चित्र उजळ. 20 पट दाखवणारी स्वस्त दुर्बीण जिप्सीत कामाची नाही, कारण हात जितका हलतो तितकंच चित्रही वीसपट हलतं.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर मोठा ऑप्टिकल झूम असलेला एक-तुकडी कॅमेरा सोयीचा. लेन्स बदलावी लागत नाही, त्यामुळे धूळ आत जात नाही. डिजिटल झूमच्या आकड्याला भुलू नका, तो फक्त फोटो कापून मोठा करतो. पळणाऱ्या प्राण्यासाठी शटर 1/1000 सेकंदाच्या आसपास ठेवा. फ्लॅश आणि आवाज बंद.

हात स्थिर ठेवायला जुन्या पायजम्याचा एक पाय कापा, खालून शिवा, त्यात घरचं सोयाबीन किंवा हरभरा भरा आणि वरून शिवून टाका. जिप्सीच्या दांडीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवायची. बाजारात हीच वस्तू बीनबॅग म्हणून महाग मिळते.

हे सगळं आधी कारंजा-सोहोळला वापरून बघा. वन विभागाच्या कार्यालयात प्रवेशाची चौकशी करा आणि पळता काळवीट दुर्बिणीत धरून दाखवा. ते जमलं की वाघ सोपा, तो निदान सावकाश चालतो.

कपडे आणि बाकीचं

मातकट, खाकी, फिकट हिरवे कपडे. लालभडक, पांढरे नकोत. अत्तर नको. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत पहाटे कडाक्याची थंडी वाजते, म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर घाला, ऊन चढलं की एकेक काढता येतो. एप्रिल-मेमध्ये टोपी, दुपट्टा, ओआरएस. धुळीसाठी रुमाल. पाणी स्टीलच्या बाटलीत. आत खाण्याचे पदार्थ, प्लास्टिक आणि तंबाखू नेऊ नका.

आफ्रिकेला जायचं असेल तर

केनियातल्या मसाई मारात फोन चालतो. तिथे अडचण वेगळी: वजन, वीज आणि कागदपत्रं.

- लस: केनियासाठी पिवळ्या तापाची लस घ्या. ती फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. त्याशिवाय परतलात तर भारतात विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.
- परवानगी: जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाईन प्रवास परवानगी सुरू केली आहे. ती निघण्याआधी काढावी लागते.
- वजन: नैरोबीहून मारात जाणाऱ्या छोट्या विमानांत साधारण 15 किलोची मर्यादा असते, तीही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग नको.
- वीज: तिथे तीन चौकोनी पिनांचा प्लग आणि 240 व्होल्ट. आपले चार्जर चालतात, फक्त अडॅप्टर लागतो.
- पॉवर बँक: विमानात 100 वॉट-तासांपर्यंत, आणि फक्त हातातल्या बॅगेत. हिशोब असा: 20,000 एमएएचला 3.7 ने गुणा आणि 1,000 ने भागा, 74 येतात. चालेल.
- प्लास्टिक: केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कपडे कापडी पिशव्यांत भरा.
- रंग: गडद निळा आणि काळा टाळा, त्से-त्से माश्या त्याकडे ओढल्या जातात. लष्करी छापाचे कपडे काही आफ्रिकी देशांत बेकायदा आहेत.
- ड्रोन: घरीच ठेवा.

नेहमीचे प्रश्न

*फोन फ्लाईट मोडवर ठेवून खिशात नेला तर?*
बंदी आहे तिथे नाही. पकडलं गेलं तर गाईड आणि चालकही अडचणीत येतात, आणि त्यांचं पोट त्यावर आहे.

*कॅमेरा नाहीच, मग?*
दुर्बीण घ्या. एका कुटुंबात एक पुरते, आळीपाळीने.

*वाघ दिसला नाही तर पैसे वाया?*
परतावा मिळत नाही. पण पगमार्क, सांबराचा इशारा, माकडाची ओरड यावरून वाघ कुठे आहे हे गाईड कसं ओळखतो, ते बघत बसा. ते कुठल्याच ॲपमध्ये नाही.