चाकणचा बैलबाजार, तांड्यांची वाट आणि मोकळें रान

चाकण म्हटलें कीं इतिहासाच्या अभ्यासकास संग्रामदुर्ग आठवतो आणि इ. स. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या फौजेशीं फिरंगोजी नरसाळ्यानें दिलेली झुंज आठवते. त्याच चाकणांत जनावरांचा मोठा बाजार भरत आला आहे, ही गोष्ट मात्र इतिहासग्रंथांत क्वचितच येते. आमच्या मतें किल्ला आणि बाजार हीं एकाच कारणाचीं दोन फळें होत. तें कारण म्हणजे पुणें, चाकण, जुन्नर ही वाट आणि तिला मिळणारे कोंकणचे घाट. या वाटांनीं पूर्वीं माल चाले तो गाड्यांवर नव्हे, तर बैलांच्या पाठीवर. हे हजारों बैल वाटेंत खात काय आणि कोणाच्या परवानगीनें, हा प्रश्न येथें विचारावयाचा आहे.

ही वाहतूक फार प्राचीन आहे. जुन्नराहून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेखांत यज्ञांच्या दक्षिणेंत दिलेल्या गाईंची संख्या हजारोंनीं मोजली आहे. पुढें सतराव्या शतकांत वंजारी व लमाण यांच्या तांड्यांचें वर्णन परदेशी प्रवाशांनीं केलें आहे. पीटर मंडी यास १६३२ सालीं उत्तर हिंदुस्थानांत १४,००० बैलांचा एक तांडा भेटला. तो दिवसास ६-७ मैलच चाले. ताव्हेर्निये यानेंही १०-१२ हजार बैलांच्या तांड्यांची नोंद केली आहे. हा मंद वेग आळसाचा नव्हे, हिशेबाचा आहे. सकाळीं थोडी मजल मारावयाची, गोण्या उतरवून रचावयाच्या आणि बैल रानांत सोडावयाचे, अशी ही रीत. चारा विकत घ्यावा लागता तर धान्यामिठासारखा स्वस्त माल इतक्या दूर नेणें परवडलें नसतें. सारांश, तांड्याचें खरें भांडवल बैल नव्हे, तर वाटेवरचें गवत होय. १८०३ च्या युद्धांत पुण्याहून पुढें निघालेल्या वेलस्लीलाही धान्यासाठीं याच वंजाऱ्यांवर भिस्त ठेवावी लागली.

परंतु हें मोकळें रान बेवारशी होतें असें समजणें चूक आहे. सरकारचीं कुरणें राखीव असत व तेथील गवत पागेसाठीं कापून गंजी रचल्या जात. गांवचें गायरान गांवच्या गुरांसाठीं असे. इतर रानांत चारणाऱ्यांकडून वणचराई घेतली जाई. चिपळूणच्या मुक्कामीं जुमलेदारांस पाठविलेल्या शिवकालीन पत्रांत दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरण्याची आणि गवताच्या गंजी आगीपासून जपण्याची ताकीद आहे. गवताकडे राज्यकर्ते किती बारकाईनें पाहत, तें यावरून कळतें. म्हैसुरास अमृतमहालाच्या गुरांसाठीं ‘कावल’ नांवाचीं रानें राखलेलीं होतीं, तीं याच जातीचीं. धनगरांचा व्यवहार याहून निराळा. दिवाळीनंतर माणदेश-फलटणकडील वाडे पश्चिमेस सरकत, पुणें प्रांतांतील शेतांत मेंढरें बसवीत, खताच्या मोबदल्यांत धान्य घेत आणि पावसाच्या सुमारास माघारी जात. म्हणजे वाट, मुक्काम आणि मोबदला या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असत.

ही व्यवस्था कां मोडली, हें अमेरिकेच्या उदाहरणाशीं ताडून पाहतां स्पष्ट होतें. तेथें १८६७ सालीं अ‍ॅबिलीनपर्यंत आलेल्या आगगाडीमुळेंच टेक्ससचे कळप उत्तरेस हाकण्याचा धंदा भरास आला, आणि १८७४ नंतर पसरलेल्या काटेरी तारेनें तो आटोपला. तेथें जनावर हाच माल होता. आमच्याकडे जनावर हें वाहन होतें. म्हणून आगगाडीनें तेथें जें उभारलें तेंच येथें मोडलें. बोरघाटांतून १८३० सालीं गाडीरस्ता झाला, १८५८ सालीं पुणें-खंडाळा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ सालीं घाटांतूनही गाडी धांवूं लागली. तांड्याचा बैल बेकार झाला. काटेरी तारेचें काम मात्र येथें कागदानें केलें. १८३६ सालीं इंदापुरापासून सुरू झालेल्या पाहणीनें रानास नंबर दिले, आणि १८७८ च्या जंगल कायद्यानें कित्येक चराऊ रानांस सीमा घातल्या. ज्या भूमीवर वर्षांतून चार महिनेच गुरें येत, ती कागदावर ‘पडीक’ ठरली.

या एका शब्दाचा परिणाम दूरवर पोंचला. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना निघाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. कारखान्यांनीं लाखोंस पोट दिलें, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं ‘पडीक’ भूमि रिकामी होती, हा समज इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. तिचा उपयोग करणारे फिरस्ते असल्यामुळें त्यांची नोंद झाली नाहीं, आणि नोंद नाहीं म्हणून त्यांचा हक्कही दिसला नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचीं साधनें अद्यापि आहेत. पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांत वणचराईचे आंकडे सांपडतात. गांवोगांवच्या जुन्या नकाशांवर कुरण, गायरान, गोठण अशीं नांवें आढळतात. खेड, मावळ व हवेली या तालुक्यांतील ज्या वाचकांच्या घरीं असे कागद असतील, त्यांनीं ते जपावे व त्यांच्या नकला प्रसिद्धीस द्याव्या, अशी आमची विनंति आहे. वाट कारखान्याखालीं गेली तरी तिचा कागद तरी उरावा.